आजेसासूबाईंच्या साड्यांचं काय करू? कातर हातात घ्यायच्या आधी हे वाचा

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय की घर बदलतोय, आजेसासूबाई आणि सासूबाई दोघींच्या मिळून तीन मोठ्या बॅगा भरून साड्या निघाल्यात, काही नऊवारी बाकी सहावारी, त्यात सुती, सिल्क, नायलॉन सगळंच, वर नवऱ्याच्या जुन्या जीन्स आणि मुलांचे टीशर्ट. फेकवत नाही, आणि इथून पुढे नवीन कपडे कमी घ्यायचे असंही ठरवलंय. तर सगळ्यांचे ड्रेस शिवून घेऊ, की कुठेतरी दान करू, की रिसायकलिंगवाल्यांना देऊन टाकू, यातलं पर्यावरणाच्या दृष्टीनं सगळ्यात बरं काय?

मी सांगलीत शिवणकाम करते, स्वतःचं छोटं युनिट आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या कामातलं निम्म्याहून जास्त काम जुन्या साड्यांचंच असतं. ड्रेस, परकर-पोलकी, दुपटी, गोधड्या. त्यामुळे खरं तर मी "आणा सगळ्या, शिवून देते" म्हणायला पाहिजे, धंदा तोच आहे, पण तसं म्हणणार नाही.

तुमची अडचण अशी आहे की तुम्ही तीनपैकी एक पर्याय निवडायला बघताय आणि बॅगेत मात्र एका जातीचा कपडा नाहीये. एक साडी अजून वीस वर्षं नेसता येईल अशी असते, तिच्याच खाली ठेवलेली हात लावला की फाटणारी असते, दोघींना एकच न्याय लावला की चांगली वाया जाते आणि वाईट अंगावर बसते. आधी कुठल्या कपड्यात किती जीव उरलाय ते बघायचं, मग ठरवायचं. बाकी बरंच काही तुमच्यावर आहे, तुम्ही स्वतः साडी नेसता का, हाताशी बरा टेलर आहे का, नव्या घरात कपाट केवढं आहे, सासूबाईंना यातलं काय कापलेलं चालेल (हे आधी विचाराच, नंतर महाभारत नको). म्हणून मी माझा क्रम सांगते, तुम्ही त्यात फेरफार करा. माझा क्रम म्हणजे आहे तसं वापरणं पहिलं, मग वापरणाऱ्याला देणं, मग कातर, आणि रिसायकलिंग अगदी शेवटी.

असं का ते सांगते. कपडा तयार होताना जे पाणी, वीज, रंग, केमिकल लागायचं ते लागून गेलेलं असतं. एका सुती टीशर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी जातं असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या पर्यावरण संस्थेचा हिशोब आहे, आता साडीला कापड किती जास्त लागतं ते तुम्हीच बघा. ते पाणी आपण कशानंच परत आणू शकत नाही, आपल्या हातात एवढंच असतं की या कपड्यामुळे एक नवीन कपडा विकत घ्यायचा टळला पाहिजे. टळला तर फायदा. नाही टळला, म्हणजे साडीचे आठ ड्रेस शिवले आणि दिवाळीला आठ नवीन पण घेतले, तर मग फायदा फक्त माझ्यासारख्या टेलरचा. मला तर वाटतं यूट्यूबवर बघून चांगल्या धडधाकट साडीच्या दहा पोटल्या, मोबाईल पाऊच आणि उशीचे अभ्रे करणं हे सगळ्यात वाईट, कारण त्या पोटल्या कुणालाच नको असतात, रुखवतात मांडून होतात आणि पुढच्या आवराआवरीत बाहेर जातात, आणि साडी तर गेलीच.

आधी वर्गवारी

एक सुट्टीचा दिवस काढा आणि सगळ्या साड्या पूर्ण उलगडून बघा, घडीवरून काही कळत नाही. साडी खिडकीसमोर किंवा ट्यूबसमोर धरायची. जिथे विरलीये तिथे उजेड जास्त येतो, जाळीसारखं दिसतं. बोहारीण कपडा घेताना आधी उजेडाकडेच धरते बघा, ती उगाच नाही तसं करत. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून ताणायचं, आडवं पण आणि उभं पण, एकदा पदराजवळ, एकदा मध्ये, एकदा खालच्या काठाजवळ. चर्र असा बारीक आवाज आला की त्या साडीचं शिवणकाम करायचं नाही, टीप मारली की टिपेच्या कडेनंच फाटत जाणार.

सहावारी साडी जास्त करून खोचायच्या जागी, खांद्यावर पिनेच्या जागी आणि टाचेखाली येणाऱ्या काठाला जाते. नऊवारी काष्ट्याच्या जागी जाते, पण तिचा पदर आणि वरचा बराच भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो. सिल्कचं वेगळंच, ते वापरून जितकं जात नाही तितकं घडीवर जातं, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीच्या रेषेवर चिरत जाते. तसं दिसलं तर आत्ताच घडी बदलून ठेवा, निर्णय नंतर घेतला तरी चालेल.

मग कापड कशाचं आहे ते. जुन्या साड्यांवर लेबल नसतं आणि "अगं सिल्क आहे ती" यावर विश्वास ठेवू नका, त्या काळात आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉनचं नकली सिल्क, भरपूर विकलं गेलंय. पदराच्या आतल्या बाजूनं दोन-चार धागे काढा, उभे वेगळे आणि आडवे वेगळे, कारण पुष्कळ साड्यांत ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो. चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पंखा बंद करून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. खरं सिल्क जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी गाठ होते पण ती बोटांनी चुरडता येते. पॉलिस्टर आणि नायलॉन आक्रसतात, वितळतात, आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो, तो चुरडत नाही. आर्ट सिल्क सुतीसारखंच जळतं, त्यामुळे चमकतंय पण वास कागदाचा येतोय असं झालं की समजायचं. टेरिकॉटमध्ये (सुती आणि पॉलिस्टर एकत्र) राख पण होते आणि त्यात कडक खडे पण लागतात. हे एवढं केलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण कुठला कपडा कुठे चालेल हे यावरच ठरतं.

रंग जातो का ते पण आत्ताच बघून घ्या. पांढरा रुमाल ओला करून काठावर आणि अंगावर वेगवेगळा घासायचा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण रंग एकदा बसला तो बसला, घरी मीठ टाकून त्यात फार फरक पडत नाही. ज्याचा जातो त्याला वेगळं ठेवायचं, बस.

ज्या धड आहेत त्या नेसा

यावर बायका हसतात, पण माझ्याकडे कापायला आलेल्या साड्यांपैकी बऱ्याच साड्या केवळ ब्लाऊजमुळे कपाटात अडकलेल्या असतात. साडी उत्तम, ब्लाऊज सासूबाईंच्या मापाचा, झालं, नेसणार कोण. प्रत्येक साडीला मॅचिंग ब्लाऊज पाहिजे हा हट्ट सोडला की एकदम सुटतं. काळा, मरून, एक मळकट सोनेरी, आणि एक खणाचा, असे चार ब्लाऊज तुमच्या मापाचे नीट शिवून घ्या, तीन बॅगांमधल्या अर्ध्या साड्या त्यावर जातील. कुठल्याही ड्रेसच्या शिलाईपेक्षा हे स्वस्त आणि साडी अख्खी राहते. जुन्या साडीचा फॉल आटलेला असतो त्यामुळे खालून गोळा येतो आणि साडी जुनाट दिसते, तो काढून नवीन लावला (आधी पाण्यातून काढून, वाळवून) की नव्वद टक्के काम होतं.

छोटं भोक असेल तर रफू. आता रफूवाले कमी राहिलेत, पण मोठ्या गावांत जुन्या पेठांमधून अजून बसतात, विचारत जा. मध्येच पट्टा विरला असेल तर आपल्याकडे पूर्वी दांड घालायचे, म्हणजे विरलेला भाग आरपार कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून शिवायचे. नऊवारीला हे फार छान जमतं कारण लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, मधला मीटर-दीड मीटर काढला तरी सहावारी म्हणून नेसण्याइतकी उरते, जोड निऱ्यांच्या आत लपवायचा. काष्ट्याशी विरलेल्या नऊवाऱ्या मी अशा सहावारी करून दिल्यात आणि लोक लग्नात नेसतात, कुणाला कळत पण नाही.

द्यायच्या असतील तर

बोहारणीला नावं ठेवू नका. आपण म्हणतो एवढ्या साड्या घेतल्या आणि एक पातेलं दिलं, पण आपल्या रिसायकलिंगच्या गप्पा सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून हे लोक कपडा निवडून, धुऊन, टाके घालून, बाजारात परत वापरायला आणतायत. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथे गेलेला कपडा कुणीतरी पैसे देऊन घेतं, म्हणजे तो खात्रीनं वापरला जातो. फुकट वाटलेल्याची तशी खात्री नसते.

२०१९च्या पुरात इकडे बाहेरून जुने कपडे आले, भावना चांगलीच होती, पण त्यातले बरेच फाटके, मळके, नाहीतर इथल्या बायका घालणारच नाहीत असे होते, आणि चिखल उपसायचा की ते ढीग निवडायचे असं झालं. त्यामुळे माझा नियम साधा आहे, जो कपडा मी शेजारणीला तोंडावर देऊ शकेन तोच दान. धुतलेला, बटण-हुक लावलेला, साडी असेल तर परकर-ब्लाऊजसकट. संस्थेला द्यायचं असेल तर ज्यांच्याकडे निवडायची, वर्गवारीची व्यवस्था आहे त्यांना द्या. गूंज या संस्थेचं काम मला आवडतं, अंशू गुप्तांनी १९९९ला दिल्लीत सुरू केलं, त्यांना पुढे २०१५ला मॅगसेसे मिळालं. ते गावात नुसते कपडे वाटत नाहीत, गावकरी मिळून विहीर, बंधारा, रस्ता असं काहीतरी काम करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपड्यांचं किट असतं. विरलेल्या सुती कपड्याचे ते सॅनिटरी पॅड पण करतात, म्हणजे नेसता न येणाऱ्या पण स्वच्छ सुती साडीला सुद्धा तिथे जागा आहे.

जरीच्या साड्या मात्र घाईत कुणालाच देऊ नका. जुन्या पैठणीत, शालूत खरी चांदीची जर असू शकते, ती घ्यायला माणसं फिरत असतात, "जुनी जर द्या" म्हणून. ते लोक साडी जाळून चांदी काढतात, नेसण्यासाठी घेत नाहीत, हे माहीत असू द्या. ही जर खरी चांदीची असली की आतला धागा सिल्क किंवा सुती असतो आणि त्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, नुसतं सोनेरी प्लास्टिक असेल तर काडी लावल्यावर वितळतं. तांब्याच्या तारेची जर पण असते आणि ती नुसत्या डोळ्यांना फसवते, म्हणून दोन-तीन ठिकाणी दाखवल्याशिवाय किंमत मान्य करू नका. अंग फाटलंय पण काठ-पदर धड आहे अशी पैठणी असेल तर मी तरी विकणार नाही, काठ-पदर उसवून नव्या सिल्कच्या अंगावर बसवून घेईन. खर्चिक आहे, पण नव्या पैठणीच्या मानानं काहीच नाही.

आता कातर

ड्रेस शिवायला कुठल्या घ्यायच्या, तर ज्यांचं अंग मजबूत आहे पण तुम्ही नेसणार नाही हे नक्की आहे, किंवा डाग, फाटणं एका जागी आहे आणि बाकी कापड चांगलं आहे अशा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, साध्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, म्हणजे एका साडीत दोन कुर्ते नाहीतर एक घेरदार ड्रेस आणि लेकीचा फ्रॉक. इरकल, नारायणपेठ, जाड सुती साड्या यासाठी उत्तम. नायलॉन आणि पॉलिस्टर जॉर्जेटच्या त्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मोठ्या फुलांच्या साड्या असतील ना, त्यांना कुणी विचारत नाही, पण त्या फाटतच नाहीत हो, त्यांचे लांब श्रग, घेरदार गाऊन, पावसाळ्यात पटकन वाळणारे कपडे मस्त होतात. उन्हाळ्यात मात्र घालवत नाहीत, आतून सुती अस्तर पाहिजेच.

टेलरकडे टाकायच्या आधी साडी आणि अस्तर दोन्ही धुऊन द्या. साडी जुनी म्हणून आटायची ती आटलेली असते, अस्तर नवीन असतं, पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि ड्रेसला सगळीकडे चुण्या पडतात, ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते आणि दरवेळी दुसऱ्या कुणीतरी शिवलेल्या ड्रेसची असते. टेलरला सांगा टाका जरा मोठा ठेव, सुई बारीक लाव, आणि शिवणीत माया (आत दाबलेलं जास्तीचं कापड) भरपूर सोड. घट्ट फिटिंग जुन्या सिल्कला अजिबात नको, काखेत आणि पाठीत पहिल्यांदा फाटतं. मुलांच्या कपड्यांना तर माया कंबरेत, बाजूला, खाली सगळीकडे दाबून ठेवायची, दरवर्षी एकेक टीप उसवत गेलं की परकर-पोलकं तीन गणपती सहज निघतात.

शिलाईचा हिशोब आधी करा. जुन्या साडीचं काम नव्या कापडापेक्षा जास्त वेळ खातं, विरलेले भाग टाळून कटिंग बसवावं लागतं, काठ जुळवावा लागतो, म्हणून बरे टेलर जास्त पैसे घेतात आणि ते बरोबरच आहे. पण साध्या रोजच्या कुर्त्यासाठी नाकापेक्षा मोती जड होत असेल तर ती साडी गोधडीत घाला.

गोधडी

माझ्या मते जुन्या सुती कपड्याचा याच्याइतका चांगला वापर अजून कुणी काढलेला नाही. कपडा नेसण्याजोगा राहिला नाही, टीप धरत नाही, तरी तो गोधडीच्या आत चालतो कारण तिथे त्याला ताण येत नाही, चार-पाच थर मिळून ताण वाटून घेतात. आणि जितका विरलेला तितका मऊ.

माप सोपं आहे. सहावारी साडी मध्यावर कापून दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की साधारण पावणेतीन बाय सव्वादोन मीटरचा एक थर होतो, म्हणजे डबलबेडची गोधडी. वरचा एक, खालचा एक आणि मध्ये दोन किंवा तीन, एवढ्या साड्या लागतात. वरच्या आणि खालच्या थराला त्यातल्या त्यात मजबूत आणि रंग न जाणाऱ्या, मध्ये विरलेल्या, जोड दिलेल्या, जुन्या चादरी, धोतरं, सुती शर्टांच्या पाठी, काहीही. काठ, फॉल, जर, बटणं, सगळं आधी काढायचं, आत जाड काही राहिलं तर सुई अडकते आणि अंगाला टोचतं.

नायलॉन-पॉलिस्टर आत घालू नका. ते घसरतं, टाके घालताना थर सरकतात आणि वर्षभरात आत गोळे होतात, शिवाय घाम शोषत नाही. अगदीच घालायचं तर पाय पुसायच्या जाड पट्ट्यांना वापरा, अंगावर घ्यायच्या गोधडीत नको.

थर टाकताना जमिनीवर, चारी बाजूंनी ताणून, प्रत्येक थर हातानं मधून कडेकडे सपाट करत जायचं. मग मोठा कच्चा धावदोरा, उभा-आडवा, साधारण वीतभर अंतरानं, म्हणजे नंतर उचलून मांडीवर घेऊन शिवता येते. पक्का धावदोरा आमच्याकडच्या बायका कडेपासून सुरू करतात आणि चौकोनाच्या आत चौकोन असं फिरत मध्याकडे येतात, तसं केलं की कडा पहिल्यांदा बंद होतात आणि आतलं सरकत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी नावाची गोधडी असते ती पण अशीच कडेकडून आत येते, त्या कोपऱ्यांना रंगीत कापडाची त्रिकोणी घडी घालून फूल लावतात, कधी मिळाली बघायला तर नक्की बघा. टाके जवळजवळ घातले की गोधडी जास्त टिकते पण वेळ किती लागतो ते विचारू नका. मशीनवर पण होते, लवकर होते, फक्त ती हातशिलाईसारखी मऊ पडत नाही, आणि जुनं कापड टिपेवर कापलं जायची भीती राहते. हातानं शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्यांना द्या, पण हातशिलाई आहे, पाच साड्या तुमच्या म्हणून मजुरी शंभर रुपये असं करू नका, प्लीज.

एवढं मोठं नको असेल तर बाळाचं दुपटं करा, दोन किंवा तीन थर, मऊ सुती नऊवारीचं. घरात बाळ नसेल तर बाळंतविड्यात द्यायला ठेवा, नवीन आणलेल्या कुठल्याही बेबी ब्लँकेटपेक्षा जास्त वापरलं जातं.

म्हणजे इथपर्यंत धड साड्या नेसायला किंवा द्यायला गेल्या, मजबूत पण न नेसण्याच्या ड्रेसला, विरलेल्या सुती गोधडीला. आता राहिलं बाकीचं.

जीन्स, टीशर्ट आणि उरलेल्या चिंध्या

जीन्स मांड्यांमध्ये जाते, बाकी ठिकाणी दहा वर्षं काही होत नाही. आतून जुन्या जीन्सचाच तुकडा लावून वरून मशीननं जवळजवळ टिपा मारून घ्या, भोक पडायच्या आधी, नुसतं पांढरं दिसायला लागलं की लगेच. भोक पडल्यावर लावलेलं ठिगळ जाड होतं आणि घासतं. पूर्ण गेल्या असतील तर पायांचं कापड भाजीच्या पिशव्यांना घ्या, त्याच्या पिशवीत पाच किलो कांदे बटाटे आणले तरी शिवण उसवत नाही.

सुती टीशर्ट आणि बनियन पुसायला सगळ्यात भारी. गॅरेज, वर्कशॉप, प्रिंटिंग प्रेसवाले बनियन वेस्ट किलोवर विकत घेतात, म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला स्वच्छ कापलेले सुती तुकडे दिले तर तो नाही म्हणणार नाही. पॉलिस्टरचे जर्सी टीशर्ट नको, ते पाणी नीट शोषत नाहीत, नुसतं पसरवतात.

आता तुमचा तिसरा पर्याय, रिसायकलिंग. वाईट नाही, पण लोकांना वाटतं की जुनी साडी एका बाजूनं आत घातली की दुसऱ्या बाजूनं नवीन साडी बाहेर येते, तसं काही नाही. आपल्याकडे याचं मोठं केंद्र पानिपत. मूळ तंत्र इंग्लंडमधलं, यॉर्कशरच्या बॅटली गावात १८१३च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून परत सूत काढायला लागले, त्याला शॉडी म्हणतात. पानिपतला परदेशातून जुने लोकरी कपडे येतात, ते इथे कपडे म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून फाडून आणायला लावतात, मग चेन, बटणं, अस्तर काढून रंगानुसार ढीग करतात, लालचा लाल, निळ्याचा निळा, म्हणजे परत रंगवावं लागत नाही, आणि यंत्रात घालून पिंजून सूत काढतात. आपत्तीच्या वेळी वाटतात ती जाडजूड ब्लँकेट बरीचशी तिथली असायची, आता पॉलिस्टरच्या फ्लीस ब्लँकेटनी तो धंदा पुष्कळ खाल्लाय. सुती कापडाचं पण होतं, तिरुपूरला होजिअरीच्या कटिंगच्या चिंध्यांपासून सूत काढतात, पण त्या कोऱ्या, एका जातीच्या, हव्या त्या रंगाच्या मिळतात.

कापड पिंजलं की धागा तुटून तंतू आखूड होतो, आणि आखूड तंतूचं सूत कच्चं आणि जाडं, त्यामुळे त्यात नवीन कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावंच लागतं. दुसऱ्यांदा पिंजलं की अजून आखूड. मग तो गादीत, पायपुसण्यात, गाडीच्या आतल्या भरावात जातो. तुमच्या साड्यांमध्ये सुती अंग, सिल्क काठ, प्लास्टिकची जर, नायलॉनचा फॉल हे सगळं एकत्र, जीन्समध्ये लायक्रा, हे वेगळं करणं कुणालाच परवडत नाही. रसायनांनी विरघळवून कापसाचा नवा तंतू करायचे प्रयत्न चाललेत, पण स्वीडनची रिन्यूसेल कंपनी, जिचं एवढं नाव झालं होतं, तिचं सुद्धा २०२४च्या फेब्रुवारीत दिवाळं निघालं. जगभरात कपड्यापासून परत कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी आहे असं एलन मॅकआर्थर फाउंडेशननं २०१७मध्ये म्हटलं होतं, आणि शिवणवाल्यांच्या जगात राहून मला त्याचं काही आश्चर्य वाटत नाही.

म्हणून रिसायकलिंगला फक्त तेच द्या ज्याचं दुसरं काहीच होत नाही. पाठवताना सुती वेगळं, सिंथेटिक वेगळं, लोकरी वेगळं, धुतलेलं आणि कोरडं. ओलं दिलं की बुरशी येते आणि अख्खं पोतं जातं. घेणाऱ्याला सरळ विचारा की तुम्ही हे पुढे कुणाला देता, जो माणूस याचं सरळ उत्तर देतो त्याला द्या. पुण्यात असाल तर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या व्ही-कलेक्ट मोहिमेत जुने कपडे घेतात, डोंबिवलीत तुमच्या सोसायटीत सुका कचरा उचलणाऱ्यांना विचारून बघा. आणि सिंथेटिक चिंध्या बंबात जाळायच्या नाहीत, अजून बरेच लोक करतात, तो धूर घरातल्यांच्याच छातीत जातो.

अगदी बारीक चिंध्या, कात्रणं, त्या उशीत भरा. सुती आणि सिंथेटिक दोन्ही चालतं, फक्त बोटभर लांबीचे तुकडे करा, मोठे राहिले की गोळे होतात. डोक्याखाली जड वाटते, पण पाठीला टेकायला, माळ्यावर झोपायला, गाडीत ठेवायला बरी. आमच्या युनिटमधली कात्रणं अशीच जातात.

तुम्हाला घर बदलायची घाई आहे म्हणून वर्गवारीच तेवढी जुन्या घरी करा, कापाकापी नव्या घरी गेल्यावर. सामानात जायच्या आधी सिल्कच्या साड्या सुती पंच्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. काडी लावून बघितल्यावर एखादीबद्दल शंका राहिली तर काठाचा आणि उलट्या बाजूचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथेच टाका, बघून सांगते.